वऱ्हाडातले प्रश्न आणि संशोधनाचा पैसा

एखाद्या ठरावीक प्रश्नाचे उत्तर ठरावीक मुदतीत शोधून काढण्यासाठी संशोधकाला त्याच्या संस्थेमार्फत जो पैसा मिळतो, त्याला संशोधन अनुदान म्हणतात. हा पैसा परत करावा लागत नाही, मात्र त्यातल्या प्रत्येक रुपयाचा हिशोब द्यावा लागतो. जे शोधू म्हणून लिहून दिले होते त्यातले किती हाती लागले, हेही मुदतीअखेर कळवावे लागते. महाविद्यालयात प्राध्यापकाचा पगार, प्रयोगशाळेची खोली आणि वीज यांची सोय असते. पण दर्यापूर तालुक्यातल्या विहिरींचे पाणी वर्षभर तपासायचे, तर रसायने लागतात, गाडीभाडे लागते आणि नमुने गोळा करणारा एक पूर्णवेळ सहायक लागतो. हा खर्च महाविद्यालयाच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात बसत नाही. तिथून अनुदानाच्या शोधाला सुरुवात होते.

बाहेरच्या पैशावर चालणारे संशोधन वऱ्हाडाला नवे नाही, आणि त्यात वऱ्हाडाच्या मातीतला पैसाही होता. १९२१ साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली. १९२३ च्या कायद्याने देशात पिकलेल्या, निर्यात होणाऱ्या किंवा गिरण्यांत वापरल्या जाणाऱ्या कापसावर गाठीमागे काही आण्यांचा उपकर बसला. अमरावती, अकोला, खामगावच्या जिनिंग-प्रेसिंगमधून बाहेर पडणाऱ्या गाठीही त्यात आल्या. त्या पैशातून १९२४ साली मुंबईत माटुंग्याला कापसाच्या धाग्याची तपासणी करणारी प्रयोगशाळा उभी राहिली, इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांच्या हाताखाली वनस्पतिसंशोधनाची संस्था निघाली, आणि प्रांतोप्रांतीच्या कृषी खात्यांना नवे वाण तयार करण्यासाठी मदत मिळू लागली. शेतकऱ्याच्या गाठीवरचा कर थेट त्याच्याच पिकाच्या संशोधनाला जावा, ही कल्पना आजही विचारात घेण्याजोगी आहे.

पुढे १९२९ मध्ये आजची भारतीय कृषी संशोधन परिषद, म्हणजे आयसीएआर, जन्माला आली. १९६९ साली अकोल्यात कृषी विद्यापीठ सुरू झाले. आज ते डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने ओळखले जाते. या विद्यापीठाच्या संशोधनाचा एक मोठा भाग अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पांतून चालतो. त्यांचा खर्च ७५ टक्के आयसीएआर आणि २५ टक्के राज्य अशा वाटणीने होतो. कापूस, कोरडवाहू शेती, लिंबूवर्गीय फळे अशा विषयांची केंद्रे अशा प्रकल्पांतून वर्षानुवर्षे चालत आली आहेत. तिथल्या शास्त्रज्ञाला दरवर्षी नव्याने निधीच्या मागे धावावे लागत नाही, पण विषय आणि चाचण्यांचा आराखडा देशपातळीवर ठरतो.

महाविद्यालयातल्या प्राध्यापकाची गोष्ट वेगळी आहे. त्याला स्वतःचा प्रश्न स्वतः मांडावा लागतो आणि देशभरच्या अर्जांशी स्पर्धा करून पैसा मिळवावा लागतो. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे येतात. इथल्या विज्ञान महाविद्यालयांतील प्राध्यापकांच्या एका अख्ख्या पिढीने संशोधनाचा पहिला पैसा पाहिला तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'मायनर' आणि 'मेजर' प्रकल्पांमधून. मायनर प्रकल्पाची रक्कम लहान असे, पण तालुक्याच्या गावातल्या शिक्षकालाही ती मिळू शकत होती. तो मार्ग आटला, आणि त्याची जागा पूर्णपणे भरून काढणारे दुसरे काही लहान महाविद्यालयांना मिळालेले नाही. हे नुकसान मोठे आहे.

आजचे सर्वांत मोठे दार अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचे, म्हणजे एएनआरएफचे आहे. २०२३ च्या कायद्याने ही संस्था आली. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, ज्याला प्राध्यापक मंडळी एसईआरबी म्हणून ओळखत, ते तिच्यात विलीन झाले. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करायचे, त्यातले १४,००० कोटी केंद्र सरकारने द्यायचे आणि उरलेले उद्योग, दाते व इतर मार्गांनी आणायचे, असा तिचा आराखडा आहे. अनुभवी संशोधकांसाठी, नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांसाठी आणि पीएच.डी. नंतरच्या संशोधनासाठी तिच्या वेगवेगळ्या योजना आहेत. वऱ्हाडाच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एसईआरबीने अखेरच्या काळात राज्य विद्यापीठे आणि महाविद्यालयांसाठी 'शुअर' नावाची योजना काढली होती. तीत तीन वर्षांसाठी ३० लाख रुपयांपर्यंत मदत होती. आणि एएनआरएफच्या 'पेअर' योजनेत एक नामांकित संस्था मध्यभागी राहून काही उभरत्या विद्यापीठांना सोबत घेते. राज्यातल्या विद्यापीठांना आयआयटीच्या पंक्तीला बसवून तोलणे न्याय्य नाही, ही जाण या दोन्ही योजनांत दिसते.

बाकीची दारे विषयाप्रमाणे आहेत. जीवशास्त्र आणि शेतीतल्या जैवतंत्रज्ञानासाठी केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, आरोग्यासाठी आयसीएमआर, रसायन आणि पदार्थविज्ञानासाठी सीएसआयआर, सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर. राज्य पातळीवर मुंबईचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. एखाद्या शोधातून वस्तू किंवा उद्योग उभा राहू शकत असेल, तर बायरॅक या केंद्रीय संस्थेची 'बिग' योजना ५० लाखांपर्यंत मदत करते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. सरकारी निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांतले संशोधनही त्या यादीत बसते. ही शेवटची वाट वऱ्हाडात फारच कमी वापरली जाते.

अनुदान म्हणजे प्रत्येक वेळी बँकेत आलेली रक्कमच असे नाही. अमरावतीच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाला कोट्यवधींचे यंत्र विकत घेण्याची गरज नसते. इंदूरला यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमचे केंद्र आहे. तिथे विद्यापीठांतल्या संशोधकांना यंत्रे वापरायला मिळतात आणि सहकार्य प्रकल्पही मिळू शकतो. दिल्लीचे आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र आणि पुण्याची आयुका याच धर्तीवर काम करतात. आयुकाच्या अभ्यागत सहयोगी योजनेत महाविद्यालयातला शिक्षक दरवर्षी काही काळ तिथे राहून काम करू शकतो. आय-स्टेम या राष्ट्रीय संकेतस्थळावर कोणते यंत्र कुठे आहे आणि ते वापरायला किती शुल्क पडते, हे शोधता येते. पहिला अर्ज यंत्राच्या किमतीमुळे फुगून नाकारला जाण्यापेक्षा यंत्र दुसरीकडचे वापरून प्रश्न स्वतःचा ठेवणे शहाणपणाचे आहे.

प्रश्न स्वतःचा असणे, हा सगळ्या अर्जाचा गाभा आहे. वऱ्हाडाकडे त्याची उणीव नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा घ्या. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीला पाणी लागले तरी ते खारे, आणि जमीन चोपण. सोडियम वाढला की काळ्या मातीतले चिकण कण फुगतात, सुटे होतात आणि छिद्रे बुजवतात. पावसाचे पाणी खाली मुरत नाही. पीक पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात उभे राहते आणि उघडीप पडली की वाळते. अमेरिकेच्या क्षारसंशोधन प्रयोगशाळेने १९५४ साली घालून दिलेल्या मोजमापानुसार मातीतला विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांच्या पुढे गेला की जमीन चोपण मानायची. बहुतेक पाठ्यपुस्तकांत हाच आकडा आहे. पण नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी पूर्णा खोऱ्यात केलेल्या अभ्यासांत वेगळेच दिसले. इथल्या काळ्या मातीत सोडियम ५ टक्क्यांच्या आसपास असतानाच निचरा बिघडतो आणि कापसासारख्या खोल मुळांच्या पिकाला फटका बसतो. १९९६ आणि २००३ साली हे काम आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. पूर्णा खोऱ्यातल्या मातीने पाठ्यपुस्तकातला आकडा अपुरा ठरवला.

या उदाहरणात अर्ज लिहिणाऱ्यासाठी मोठा धडा आहे. 'खारपाणपट्ट्यातील पाण्याच्या गुणवत्तेचा अभ्यास' असे शीर्षक घेऊन गेलेला अर्ज परीक्षकाच्या नजरेत भरत नाही, कारण असा अभ्यास कुठल्याही जिल्ह्यात, कुठल्याही पाण्यावर होऊ शकतो. 'शेततळ्यातले गोडे पाणी दोन संरक्षित पाळ्यांत दिल्याने चोपण जमिनीच्या वरच्या थरातला सोडियम किती कमी होतो आणि हरभऱ्याच्या उगवणीवर त्याचा काय परिणाम होतो' असा प्रश्न मांडला, तर त्यात काय मोजायचे, कुठे मोजायचे आणि उत्तर नकारार्थी आले तरी काय कळेल, हे सगळे दिसते. अंजनगाव सुर्जी भागातली पानपिंपळी, वरुड-मोर्शीच्या संत्र्याची मूळकूज, लोणारच्या अल्कधर्मी सरोवरातले सूक्ष्मजीव, मेळघाटातली रानपिंगळ्याची वस्ती, कापसावरची गुलाबी बोंडअळी: यांतला कोणताही विषय अशाच काटेकोर प्रश्नात बांधता येतो. पुण्या-बंगळुरूच्या संशोधकाला या जागी पोहोचायला वेळ आणि पैसा लागतो, इथल्या प्राध्यापकाला त्या शेजारी आहेत. अर्जात हा फायदा स्पष्ट शब्दांत लिहायला संकोच करू नये.

अर्जाचे भाग जवळपास सगळीकडे सारखे असतात. आधी झालेल्या कामाचा आढावा, त्यात राहिलेली पोकळी, तीन-चार उद्दिष्टे, पद्धत, वर्षवार आखणी, अंदाजपत्रक आणि संशोधकाचा आजवरचा अनुभव. अनेक अर्ज पद्धतीच्या भागात पडतात. नमुने किती गावांतून घेणार, ती गावे कशी निवडली, तुलनेसाठी कोणती शेते ठेवली आणि आकडेमोड कोणत्या सांख्यिकी रीतीने करणार, हे लिहिलेले नसेल तर परीक्षक पुढे वाचत नाही. दुसरी मोठी चूक म्हणजे उद्दिष्टांची गर्दी. तीन वर्षांत एक सहायक आणि एक प्राध्यापक जेवढे करू शकतात, तेवढेच मागावे. उपलब्ध साहित्याचा आढावा दुसऱ्याच्या लेखातून उचललेला असेल, तर तो संगणकावरच्या तपासणीत सापडतो आणि अर्ज तिथेच संपतो.

अंदाजपत्रक हा स्वतंत्र कौशल्याचा विषय आहे. त्यात उपकरणे एका बाजूला आणि मनुष्यबळ, रसायने, प्रवास व किरकोळ खर्च दुसऱ्या बाजूला मांडतात. संस्थेच्या व्यवस्थापकीय खर्चासाठी 'ओव्हरहेड' या नावाने थोडी रक्कम वेगळी मिळते. संशोधन सहायकाचे मानधन सरकारी दरानेच धरावे लागते. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्राला, म्हणजे जेआरएफला, महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता असा दर लागू झाला. सहायकाचे तीन वर्षांचे मानधन लावले की लहान प्रकल्पाची निम्मी रक्कम तिथेच जाते. म्हणून उपकरणांची यादी करताना हात आखडता घ्यावा. प्रत्येक यंत्रासाठी कोटेशन जोडावे आणि ते कोणत्या उद्दिष्टासाठी लागणार, हे एका वाक्यात लिहावे.

काही परवानग्या अर्जाच्या आधी किंवा सोबतच लागतात. त्यांना लागणारा वेळ नवख्या संशोधकाच्या लक्षात येत नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्पात काम करायचे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्या कार्यालयाची परवानगी हवी. माणसांवरच्या अभ्यासाला नैतिकता समितीची आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांना वेगळ्या समितीची मान्यता लागते. परदेशी पैसा असेल तर सहसा संस्थेची परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. आरोग्यविषयक परदेशी सहकार्याचे प्रस्ताव आयसीएमआरमार्फत केंद्राच्या छाननी समितीकडे जातात.

एवढे सगळे सांभाळूनही दुर्गम भागात जागतिक दर्जाचे काम होऊ शकते, याचा पुरावा धारणी तालुक्यात आहे. डॉ. आशिष सातव यांच्या महान ट्रस्टचे रुग्णालय धारणीजवळ उतावलीला आहे. या संस्थेने मेळघाटातल्या ९० हून अधिक आदिवासी गावांत दोन वर्षांखालच्या मुलांचा सलग काही वर्षे अभ्यास केला. श्वसनमार्गाला बाधणाऱ्या आरएसव्ही या विषाणूने किती मुले आजारी पडतात आणि किती दगावतात, हे त्यांना शोधायचे होते. पैसा बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा होता, विषाणूची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या सहकार्याने झाली, आणि अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठातले संशोधक सोबत होते. २०२१ मध्ये हे काम 'क्लिनिकल इन्फेक्शियस डिसीजेस' या नियतकालिकात आले. या विषाणूचे आकडे जगभर मुख्यतः रुग्णालयांतून गोळा होत. घरीच दगावणारी मुले त्यांत मोजलीच जात नव्हती. मेळघाटच्या पाड्यांवर जाऊन केलेल्या नोंदींनी ती दिसू लागली. गेट्स फाउंडेशनचा पैसा धारणीपर्यंत आला, कारण त्या गावांत वर्षानुवर्षे राहून काम करणारी आणि प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद ठेवणारी संस्था तिथे आधीपासून होती. जागेवरची विश्वासार्ह उपस्थिती हेच तिचे भांडवल होते.

अर्ज गेल्यानंतर तो त्या विषयातल्या तज्ज्ञांकडे जातो. अनेक योजनांत नंतर समितीपुढे सादरीकरण असते. तिथे दहा-पंधरा मिनिटांत प्रश्न, पद्धत आणि खर्च पटवून द्यायचा असतो. मंजुरीला सहा महिने ते वर्षभर लागू शकते, आणि मागितलेल्या रकमेला कात्री लागणे नेहमीचे आहे. बहुतेक अर्ज पहिल्या फेरीत नाकारले जातात. परीक्षकांचे शेरे मिळाले तर ते जपून ठेवावेत. पुढच्या वर्षीच्या अर्जाचा आराखडा त्यांतूनच तयार होतो. नकार आला म्हणून विषय सोडून देणारे प्राध्यापक वऱ्हाडात बरेच आहेत, आणि यात दोष त्यांच्या बुद्धीचा नसतो. त्यांच्या मदतीला अर्ज वाचून दाखवणारा, सुधारून देणारा कोणी नसतो.

पैसा आल्यावरचे काम अर्जाइतकेच कठीण आहे. खरेदी सहसा जेम या सरकारी संकेतस्थळावरून किंवा निविदेने करावी लागते. अंदाजपत्रकातल्या एका शीर्षाखालची (हेड) रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली परस्पर वळवता येत नाही. वर्षाअखेर खर्चाचे विवरण आणि सामान्य वित्तीय नियमांच्या १२-अ नमुन्यात विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते. विद्यापीठाच्या भाषेत यालाच 'यूसी' म्हणतात. बँकेत पडून राहिलेल्या रकमेवरचे व्याजही सरकारी तिजोरीत परत करायचे असते. यूसी वेळेवर गेली नाही की दुसऱ्या वर्षाचा हप्ता अडकतो. मग सहायकाचे मानधन थांबते आणि प्रशिक्षित मुलगा किंवा मुलगी काम सोडून जाते. अनेक चांगले प्रकल्प विज्ञानात न अडता इथे अडले आहेत.

विद्यार्थ्यांसाठी वाट थोडी सोपी आहे. सीएसआयआर-यूजीसी नेट उत्तीर्ण होऊन जेआरएफ मिळवणे हा मुख्य मार्ग. विद्यापीठात पहिल्या आलेल्यांसाठी केंद्राची इन्स्पायर अधिछात्रवृत्ती आहे. राज्य सरकारच्या पुण्यातील बार्टी, सारथी आणि नागपूरची महाज्योती या संस्था अनुक्रमे अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त समाजातल्या पीएच.डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. पदवीच्या विद्यार्थ्यांना विज्ञान अकादमींची उन्हाळी अधिछात्रवृत्ती घेऊन एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत दोन महिने काम करता येते. आविष्कार या आंतरविद्यापीठ स्पर्धेत विषय मांडण्याचा सराव होतो. हाच सराव पुढे अर्ज लिहिताना उपयोगी पडतो.

अमरावती-अकोल्यातल्या शिक्षणसंस्थांच्या चालकांना यात करण्यासारखे बरेच आहे, आणि त्याला मोठा खर्च नाही. प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात निधीच्या जाहिराती पाहून संबंधित विभागाला कळवणारा एक जबाबदार माणूस असावा. प्रकल्पाचा हिशोब प्राध्यापकाच्या एकट्याच्या गळ्यात न टाकता लेखा विभागातल्या एका कर्मचाऱ्याकडे सोपवावा. पूर्वी अनुदान मिळवलेल्या, आता निवृत्त झालेल्या प्राध्यापकांना नव्या सहकाऱ्यांचे अर्ज वाचायला बोलवावे. संस्थेने स्वतःच्या निधीतून दरवर्षी दोन-तीन प्राध्यापकांना पन्नास हजारांचे बीजभांडवल द्यावे, म्हणजे प्राथमिक निष्कर्ष हाती येतील. मोठ्या अर्जात परीक्षक सर्वांत आधी तेच विचारतात. ही चार कामे या वर्षीच सुरू करावीत.